उत्तर नसलेले पत्ते

बाई खर्रा खायच्या, तंबाखू-सुपारी घोटलेला. पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण त्यांच्या शोकसभेत हे कोणीच बोललं नाही. बाई गेल्या त्या तोंडाच्या कॅन्सरनं. शेवटी शेवटी बोलणंही बंद झालं होतं. तरी सभेत त्यावर एक शब्द नाही. फोटोला हार, समोर उदबत्ती, आणि एकामागून एक वक्ते उठून सांगत होते की बाई म्हणजे करुणेचा झरा, बाई म्हणजे माऊली, बाईंनी समुपदेशनाच्या क्षेत्राला अमूल्य साधनं दिली.

मी मागच्या रांगेत दात आवळून बसले होते. माऊली कसली? बाई खडूस होत्या. जिभेनं सोलून काढायच्या. रमी खेळताना सरळ सरळ फसवायच्या आणि पकडलं तर वर भांडायच्या. एखादी शिकाऊ पोरगी आपल्याकडे आलेल्या माणसाचं दुःख सांगताना छान रडली, तर म्हणायच्या, "झालं तुह्यं? आता नाक पूस, अन् ते बाई काय म्हणे ते सांग." आणि साधनं त्यांनी दिली नव्हती. ती त्यांच्याकडून नेली गेली. पुढे त्या साधनांचं काय झालं ते मला माहीत आहे. सभेतल्या निदान चार-पाच जणांनाही माहीत होतं, पण ते हार घालण्यात गुंतले होते. म्हणून मी लिहिते.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. मी आर्वी तालुक्यात दारूविरोधी महिला मंडळाचं काम करायची. आमचा जिल्हा दारूबंदीचा, म्हणजे दारू दुकानात मिळत नाही, घरपोच येते. आमची पत्रकं वर्ध्याच्या एका छापखान्यात छापली जायची. एकदा गठ्ठा आणायला गेले, तर एक ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा लावलेली बाई मालकाशी हुज्जत घालत होती. तिला चुकलेल्या लग्नपत्रिका हव्या होत्या.

"नवरीचं नाव चुकलं तं पत्रिका तुह्या काय कामाची?" ती म्हणत होती. "मले मागची बाजू पाहिजे. कोरी हाये ना ते?"

मालकानं वैतागून गठ्ठा पुढे सरकवला. बाईनं तो काखेत मारला आणि जाता जाता माझं पत्रक उचलून उभ्याउभ्याच वाचलं. गालातला खर्रा या बाजूचा त्या बाजूला नेला.

"कोणं लिहिलं हे?"

"मी."

"किती बाया बोलून राह्यल्या याच्यात?"

"सगळ्या बायांच्या वतीनं आहे ते."

"म्हंजे एकबी नाई," बाई म्हणाल्या. "सोमवारी नालवाडीले येजो. कान घेऊन ये. तोंड इथंच ठेव, छापखान्यात."

मी गेले ती भांडायला. मग सहा-सात वर्षं जातच राहिले.

बाईंचं माहेर म्हणजे वर्ध्यातलं कापडाचं मोठं दुकान. मुंबईला मानसशास्त्र शिकून आल्या, एका इस्पितळात मनोरुग्णांच्या वॉर्डात काम केलं आणि एक दिवस ते सोडून दिलं. का सोडलं ते कोणाला सांगितलं नाही. लग्न केलं नाही. नालवाडीत भावाच्या कापडाच्या गोदामामागे दोन खोल्या आणि एक अंगण होतं, तिथं राहायच्या. घरचे त्यांना 'आमची पागलखान्यावाली' म्हणत. वहिनी डबा पाठवायची, स्वतः उंबरा ओलांडायची नाही. गोदामातला हमाल मात्र दुपारी येऊन बाईंसमोर बसायचा, बायकोबद्दल बोलायचा आणि उठून परत गाठी उचलायला जायचा. बाई त्याला पेशंट म्हणत नसत. 'माहा शेजारी' म्हणत.

त्या दोन खोल्यांत बाई समुपदेशक घडवायच्या. 'समुपदेशक' शब्दाचा त्यांना राग. "एवढा मोठा शब्द बोलून होईपर्यंत समोरचा उठून जाते." आमच्यासारख्या मंडळांतल्या मुली, दोन-चार शिक्षक, इस्पितळातला एक शिकाऊ डॉक्टर असे आम्ही सोमवारी जमायचो. मराठीत या कामाचं पुस्तक नव्हतं. इंग्रजी पुस्तकांतली माणसं सोफ्यावर बसून आपल्या भावना नीट वाक्यांत सांगायची; आमची माणसं दारात उभी राहून 'डोक्यात भुंगा फिरून राह्यला' म्हणायची. मग बाईंनी स्वतःच पत्ते केले. चुकलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला, गोल, गर्विष्ठ अक्षरात, एका पत्त्यावर एकच वाक्य. त्यांच्यासमोर कोणीतरी कधीतरी बोललेलं. नावगाव नाही. ते पिसून आमच्यात वाटायचे, आणि ज्याला जो येईल त्यानं, समोर तो माणूस बसला आहे असं समजून, एका वाक्यात बोलायचं. सल्ला द्यायचा नाही.

मला पहिला पत्ता आला तो असा: 'तो मारते, पण तो जेवला का ते समजल्याबिगर मले झोप येत नाई.'

मी म्हटलं, "पोलिसात तक्रार करा."

"गेली," बाई म्हणाल्या.

"कोण?"

"ते बाई. तू पोलिस म्हटलं अन् ते चपला घालून निघून गेली. आता त्या पोलिसासोबत तूच बस."

सगळे हसले. मी चिडून विचारलं, "मग बरोबर उत्तर काय?"

"मागं पाह्य."

मी पत्ता उलटला. मागे गणपती, आणि खाली कोणा अर्चनाचं अर्चेना झालेलं लग्न.

"लग्न आहे."

"हो ना. मले वाटलं तुले उत्तर दिसते का काय."

दुसरी गोष्ट भांड्यांची. जो दिवसभर लोकांचं ऐकतो, त्यानं ते कोणा जाणत्या माणसापुढे मांडायला हवं. आपण कुठे चुकलो, कुठे घाबरलो, कोणाचा राग आला, हे तपासून घ्यायला हवं. याला या कामात सुपरव्हिजन म्हणतात, आणि ते नसेल तर ऐकणारा हळूहळू कुजतो किंवा दगड होतो. बाई ते अंगणातल्या नळाखाली, भांडी घासता घासता करायच्या. समोरासमोर उकिडवं बसायचं, मधे राख, काथ्या आणि सगळ्यांच्या चहाची भांडी. हात कामात असले की माणूस खरं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. शिकाऊ डॉक्टर पहिल्या दिवशी पँट सांभाळत बसला होता. म्हणाला, "बाई, त्या पेशंटची मला कीव आली."

"कीव आली का राग आला?" बाईंनी वर न पाहता विचारलं. "किवेनं पातेलं असं नाई घासत कोणी. बूड निघून राह्यलं त्याचं."

डॉक्टरनं काथ्या खाली ठेवला. मग हळूच म्हणाला की तो पेशंट त्याच्या बापासारखा बोलतो. तिथून पुढे त्याचं खरं काम सुरू झालं.

शालू मला तिथेच भेटली. पुलगावजवळच्या एका खेड्यातली, बाप मिलमध्ये, बारावी झालेली. बोलायची कमी. बाईंचा एक धडा म्हणजे आर्वीच्या एसटी डेपोत जाऊन बसायचं, लोक काय बोलतात ते ऐकायचं आणि जसंच्या तसं येऊन सांगायचं. कापसाचा हंगाम, डेपोत पाय ठेवायला जागा नाही. मी येऊन सांगितलं, "एक शोषित स्त्री होती, तिच्या डोळ्यांत…"

"'मी शोषित' असं म्हणे का ते?" बाई.

"नाही, पण…"

"बस खाली."

शालू म्हणाली, "एक म्हातारी खिडकीवर म्हणे, 'जिथं गाडी जाते तिथचं तिकीट दे.' कंडक्टर हासला."

"मंग?"

"मंग मी तिच्याजवळ जाऊन बसली. तिची लेक शोधत शोधत आली तोपर्यंत."

बाईंनी चहाचा पहिला कप शालूपुढे सरकवला. सहा-सात वर्षांत त्यांनी कोणाची याहून जास्त स्तुती केल्याचं मी पाहिलेलं नाही.

मग पुण्याची संस्था आली. नाव लिहीत नाही. मला भीती नाही, पण अशा संस्था बऱ्याच आहेत आणि एकीचं नाव लिहिलं की बाकीच्या सुटतात. गावोगावी समुपदेशन केंद्रं काढायची होती. समन्वयक साहेब सुती कुर्त्यातले, मृदू बोलणारे. नालवाडीला येऊन बाईंच्या अंगणात बसले, पत्ते पाहून हरखले. बाईंनी पत्ते उतरवून घेऊ दिले आणि शिकवलेल्या मुलीही दिल्या, त्यांत शालूही. अट एकच: दर आठवड्याला प्रत्येक मुलगी इथं भांडी घासायला आली पाहिजे.

"अर्थात," साहेब म्हणाले. "सुपरव्हिजन हा तर या कामाचा आत्मा आहे."

सुरुवातीला जीप भरून मुली यायच्या. मग महिन्यातून एकदा. मग फोनवर. मग साहेब मीटिंगमध्ये असायला लागले. आणि मग तो संच आला. गुळगुळीत खोका, आत प्लास्टिक चढवलेले पत्ते, प्रत्येकावर पदर घेतलेल्या बाईचं चित्र आणि बाईंच्या पत्त्यावरचं वाक्य, भाषा जरा शुद्ध करून. मागच्या बाजूला चौकटीत ठळक अक्षरांत: 'योग्य प्रतिसाद'.

उत्तरं छापली होती. ज्यांनी छापली ती शिकलेली माणसं होती, वाईट नव्हती. त्यांना खरंच वाटलं की हे अर्धवट राहिलं आहे, आपण पूर्ण करू. बाईंनी पत्ता उलटला, पुन्हा सुलटा केला.

"मागची बाजू भरली याहीनं," एवढंच म्हणाल्या.

संच आल्यावर सुपरव्हिजनची गरज संपली, असं ठरलं. उत्तर हातात आहे, मग विचारायचं काय? शालू तरी आपल्या सुटीच्या दिवशी एसटीनं नालवाडीला यायची. ते संस्थेला कळलं. तिला समज मिळाली की केंद्रावरचं बोलणं बाहेरच्या व्यक्तीला सांगणं म्हणजे गोपनीयतेचा भंग. पुन्हा गेलीस तर कामावरून काढू. वाचताय ना? जिनं त्यांना काम शिकवलं ती बाहेरची व्यक्ती. शालूच्या घरी तोवर बापाची मिल बंद पडली होती. तिनं येणं बंद केलं.

तिच्या केंद्रावर एक बाई यायची. नाव-गाव सांगणार नाही, तिची मुलं अजून शाळेत आहेत. दोन-तीनदा आली होती, घरचं थोडं थोडं बोलली होती. त्या दुपारी आली तेव्हा बरी दिसत होती. केस विंचरलेले, चेहरा शांत. योगायोगानं त्या दिवशी संस्थेच्या निरीक्षक मॅडम कोपऱ्यात खुर्ची टाकून शालूचं काम बघत होत्या. बाई उठता उठता सहज म्हणाली, "पोरं आता आपल्या हातानं जेवतात."

हे वाक्य संचात होतं. मागे योग्य प्रतिसाद: 'अभिनंदन करा. पालक म्हणून घेतलेल्या कष्टांची दखल घ्या.'

शालूनं अभिनंदन केलं. बाई हसली आणि गेली. निरीक्षक मॅडमनी शालूचं काम 'उत्तम' ठरवलं. दुसऱ्या दिवशी कळलं, त्या बाईनं जीव दिला.

मूळ पत्ता आम्ही नालवाडीत खेळलो होतो. आम्ही सगळ्यांनी गोड गोड उत्तरं दिली होती. छान, आता तुम्हाला मोकळा वेळ मिळेल, वगैरे. बाईंनी पत्ता जमिनीवर आपटून विचारलं होतं, "पोरं जेवतात. मंग आता ते कायले पाहिजे घरात?" पत्त्यावरची बाई सांगून राहिली होती की माझं काम संपलं, आता मी गेले तरी चालेल. तेव्हा शालू माझ्या शेजारीच बसली होती.

संस्थेनं चौकशी केली. शालू निर्दोष ठरली. साहेबांनी तिला बोलावून प्रेमानं सांगितलं, "तुझी काहीच चूक नाही. तू बरोबर उत्तर दिलंस." त्या दिवसापासून शालू बोलायची बंद झाली. मग जेवायची बंद झाली.

तिची आई एसटीनं नालवाडीला आली. उंबऱ्यावरच बसली, आत येईना. म्हणाली, "बाई, पोरगी भिंतीकडे पाहून राह्यते. काई म्हटलं तं मुंडी हालवते. विहिरीवर बी मी तिले एकटी नाई जाऊ देत आता. एवढं सांगा, माह्यी पोरगी बी जाते का?"

बाई तेव्हा खर्रा खायला बसत होत्या. खर्ऱ्याची पुडी त्यांनी परत बांधून ठेवली. "मी येते," म्हणाल्या, आणि त्याच चपला घालून तिच्याबरोबर निघाल्या.

तेव्हापासून बाई आठवड्यातून तीनदा वर्ध्याहून पुलगाव आणि तिथून त्या खेड्यात जायच्या. मीही जायची. मला वाटलं होतं बाई काहीतरी करतील. बाई काही करत नव्हत्या. ओसरीतल्या शालूच्या बाजेवर तिच्या शेजारी बसायच्या. कधी तूर निवडायच्या, कधी डुलकी काढायच्या. शालू भिंतीकडे बघायची. संध्याकाळच्या शेवटच्या गाडीनं आम्ही परत. मला हे सहन होईना. मी पत्रक लिहिलं. संस्थेचं नाव, साहेबांचं नाव, निरीक्षक मॅडमचं नाव, शालूचं आणि त्या बाईचंही. एसटीत बाईंच्या हातात दिलं.

"शालूले विचारलं?" बाई वाचून म्हणाल्या.

"तिच्यासाठीच तर आहे."

"अन् त्या बाईच्या पोराईले? सकाळी शाळेत हे कागद त्यायच्या हातात येईन. ते बी आपल्या हातानं वाचतात आता."

"बाई, तुम्ही संस्थेला घाबरता."

"मी तुले भेते, पोरी," बाई म्हणाल्या. "संस्था एकदा मारते. तू छापून छापून मारशीन."

मी त्या दोघींची नावं काढली. गावाचं काढलं. बाकी एक शब्द कमी केला नाही आणि पत्रक छापून वाटलं. पत्रकात मागणी एकच होती: ऐकणाऱ्या प्रत्येक माणसामागे एक माणूस द्या, नाहीतर केंद्रं बंद करा. संस्थेनं उत्तर दिलं नाही. संचाच्या नव्या आवृत्तीचा कार्यक्रम ठेवला, वर्ध्यातच, आणि बाईंना व्यासपीठावर बोलावलं. प्रेरणास्थान म्हणून.

मला वाटलं बाई जाणार नाहीत. बाई भावाच्या दुकानातली कोरी साडी नेसून गेल्या. शाल घेतली, नारळ घेतला. मग माईकपाशी जाऊन नव्या संचातला एक पत्ता काढला आणि साहेबांना म्हणाल्या, "साहेब, एक डाव खेळू. मी ते बाई, तुमी केंद्रावर बसले." सभागृहात गंमत पसरली. साहेबही हसत पुढे आले. बाईंनी पत्ता त्यांच्या हातात दिला, चष्मा काढला, खांदे जरा सैल केले आणि अगदी बऱ्या झालेल्या बाईच्या आवाजात म्हणाल्या, "पोरं आता आपल्या हातानं जेवतात."

साहेबांनी पत्ता उलटला.

मला वाटतं त्यांना कळलंसुद्धा नाही आपण काय केलं. हात आपोआप गेला. मागची बाजू बघून ते वाचू लागले, "अभिनंदन…" आणि पुढच्या दोन रांगांत, ज्यांना सगळं माहीत होतं, त्यांचं हसू थांबलं.

"मीबी असंच म्हटलं होतं," बाई म्हणाल्या. आवाज पुन्हा त्यांचा. "इस्पितळात होती तवा. मले कोणी पत्ता नव्हता दिला, माह्याच मनानं म्हटलं. चांगलं झालं बाई, आता तुमाले आराम. ते हासली अन् गेली. ते परत नाई आली. ते वाक्य मी लिहून ठेवलं अन् मागं काई नाई लिहिलं. माह्याजवळ नव्हतं काई लिवाले. तुमच्याजवळ कुठून आलं?"

इतक्या वर्षांत त्यांनी इस्पितळ का सोडलं ते आम्हाला असं कळलं, माईकवरून. मी रडले नाही. बाईंना आवडलं नसतं.

साहेब सावरले. बाईंचं हे आत्मपरीक्षण आपल्या सर्वांना दिशा देणारं आहे, असं म्हणाले. टाळ्या वाजल्या. खऱ्याच वाजल्या, याचा मला अजून संताप येतो. मग चहा झाला, आणि प्रत्येकाला जाताना कापडी पिशवीत संच मिळाला. पुढेही आवृत्त्या निघत राहिल्या. शोकसभेत टेबलावर जी 'अमूल्य साधनं' मांडली होती ती हीच.

शालू आज जिवंत आहे. पुलगावात एका शिवणकामाच्या दुकानात बसते. कोणाचं गाऱ्हाणं ऐकायला लागलं की उठून मशीन सुरू करते. तिला दोष देणाऱ्यानं आधी माझ्याशी बोलावं. ती शोकसभेला आली नव्हती. तिला कोणी बोलावलंच नव्हतं. पण ती जिवंत कशी राहिली हे मी पाहिलं आहे, आणि ते त्या सभेत सांगायला हवं होतं.

कार्यक्रमानंतर दोन-तीन दिवसांची गोष्ट. बाई आणि मी शालूकडे गेलो. दुपार उतरत होती. बाई नेहमीसारख्या बाजेवर बसल्या आणि पहिल्यांदाच बोलल्या. इस्पितळातली ती बाई कशी होती, तिच्या हातात कोणत्या रंगाच्या बांगड्या होत्या, आपण 'चांगलं झालं' म्हणताना कसं घड्याळाकडे पाहत होतो. सगळं सांगितलं, सपाट आवाजात. शालू भिंतीकडे बघत होती.

मग शालू म्हणाली, "मले माहीत होतं."

तिची आई चुलीपाशी होती, ती तिथंच थिजली.

"मले माहीत होतं, बाई. तिनं म्हटलं अन् तुमी पत्ता आपटला होता ते आठवलं. पण ते मॅडम बसून होत्या. मागं लिहिलं होतं ते मी म्हणली."

"काय म्हणाचं होतं तुले?"

शालूनं मान हलवली.

"काय म्हणाचं होतं वं?"

"थांब म्हणाचं होतं."

"मंग म्हण."

"कोणाले?"

"मले." बाई उठल्या. पिशवी घेतली, पदर सारखा केला. "पोरं आता आपल्या हातानं जेवतात," म्हणाल्या, आणि चालू लागल्या.

शालू बसून राहिली. बाई फाटकाशी गेल्या, चपला घातल्या, फाटक उघडलं. मला वाटलं आता थांबतील. थांबल्या नाहीत. रस्त्यावर आल्या आणि एसटीच्या थांब्याकडे निघाल्या, मागे न बघता, दुखऱ्या गुडघ्यानं जरा फेंगड्या. मी शालूकडे पाहिलं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण माझं बोलणं उपयोगाचं नव्हतं, एवढं मला तोवर शिकवून झालं होतं. बाई वळणाच्या लिंबापाशी पोचल्या. अजून दहा पावलं, की दिसल्या नसत्या.

शालू अनवाणी पळाली. इतके दिवस धड न जेवलेली पोरगी, दोनदा धडपडली. वळणावर तिनं बाईंचा दंड धरला.

"नका जाऊ," ती म्हणाली. "पोरं जेवत असतीन. जेवू द्या. तुमी बसा. मी सांगते तुमच्या घरी. तुमी आज माह्याजवळ बसा."

बाई तिच्याबरोबर परत आल्या. दोघी बाजेवर बसल्या. बराच वेळ शालू बाईंचा दंड सोडत नव्हती. मग तिनं विचारलं, "मी असं म्हटलं असतं तं ते थांबली असती का, बाई?"

बाईंकडे प्रत्येक गोष्टीला टोला तयार असायचा. त्या दिवशी त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला, डोळ्यांवर ठेवला.

"माहीत नाई, पोरी," म्हणाल्या.

तेव्हा शालू रडली. कण्हल्यासारखा आवाज, जनावराचा असतो तसा. तिच्या आईनं जवळ यायला पाऊल उचललं, तर बाईंनी हातानंच तिला थांबवलं. वळणापलीकडे वर्ध्याकडची शेवटची गाडी थांबल्याचा आवाज आला. कंडक्टरला आम्ही नेहमीच्या, त्यानं दोनदा घंटी मारून वाट पाहिली. मी बाईंकडे पाहिलं. बाईंनी पायातल्या चपला काढून बाजेखाली सरकवल्या, आणि गाडी निघून गेली.